लोकपद, अनर्हता आणि सुनावणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदा मला बोलावयास सांगितले, तेव्हा शिक्षणाचा किंवा एखाद्या संतचरित्राचा विषय मी घेईन अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील जी माणसे ग्रामपंचायतींत आणि नगरपरिषदांत निवडून आली, त्यांपैकी काहींना मुदत संपण्यापूर्वीच पद सोडून घरी यावे लागले. त्यांचा अपराध काय, असे विचारले तर गावात नीट उत्तर मिळत नाही. ‘कायद्याने आपोआप गेले’ एवढेच कानी येते. हा ‘आपोआप’ शब्द माझ्या मनात घर करून बसला आहे. म्हणून आजचा विषय मी असा घेतला आहे की, राज्यघटनेने अथवा तिच्या आधारे झालेल्या कायद्याने एखाद्या माणसास लोकपदावर राहण्यास अपात्र ठरवावयाचे असेल, तर तत्पूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे किंवा नाही.

मी वकील नव्हे. शाळामास्तराला जशी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचण्याची सवय असते, तसा मी घटनेचा भाग वाचला आहे आणि न्यायालयांचे काही निर्णय समजून घेतले आहेत. तेवढ्या शिदोरीवर बोलतो.

कायद्याच्या मराठीत अपात्रतेस ‘अनर्हता’ असा शब्द आहे. अर्हता म्हणजे पात्रता, तिचा अभाव ती अनर्हता. या शब्दाच्या पोटात दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि घोटाळा होतो तो त्या एकत्र झाल्यामुळे. लोकसभेच्या सभासदास किमान २५ वर्षांचे वय लागते. चोवीस वर्षांच्या तरुणाने अर्ज भरला तर तो फेटाळला जातो. त्यात त्याला शिक्षा झालेली नसते, त्याची अप्रतिष्ठाही होत नाही, आणि त्याच्यासाठी मोठी चौकशी बसवा असे कोणी म्हणत नाही. जन्माचा दाखला पाहिला की काम झाले. परंतु ‘याने सरकारकडून लाभाचे पद घेतले’, ‘याने पक्ष स्वेच्छेने सोडला’, ‘याने सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो दाखला पाहण्याचा विषय राहत नाही. तो आरोप असतो. आरोप खरा की खोटा हे कोणी तरी ठरवावे लागते, आणि जो ठरविणार त्याने दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.

घटनाकारांना हा भेद पुरता ठाऊक होता. संसदसदस्यांच्या अनर्हतेचे अनुच्छेद १०२ सावकाश वाचून पाहावे. मनोविकल मनुष्य अनर्ह आहे असे ते नुसते म्हणत नाही, सक्षम न्यायालयाने ज्यास तसे घोषित केले आहे तो अनर्ह असे म्हणते. नादारीचेही तेच. कर्जबाजारी झालेला कोणीही नव्हे, तर न्यायालयातून नादार ठरलेला आणि अद्याप त्यातून मुक्त न झालेला मनुष्य तेथे अभिप्रेत आहे. म्हणजे सुनावणीची अट त्या शब्दांतच गुंफलेली आहे. पुढे अनुच्छेद १०३ सांगते की, निवडून आलेला सभासद नंतर अनर्ह झाला आहे काय असा प्रश्न उपस्थित झाला, तर तो राष्ट्रपतींकडे जाईल आणि राष्ट्रपती निवडणूक आयोगाचे मत घेऊन त्या मतानुसार निर्णय देतील. राज्यांसाठी अनुच्छेद १९२ मध्ये अशीच तरतूद असून तेथे राज्यपाल आहेत. पुढे लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात भर घालून, अशा चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला देण्यात आले. केवळ शिक्का मारावयाचा असता तर साक्षीदार बोलावण्याचा अधिकार कशाला हवा होता?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. निवडणुकीस उभे राहणे हा जन्मसिद्ध हक्क नव्हे, तो कायद्याने दिलेला अधिकार आहे. जे कायद्याने दिले ते कायद्याने ठरविलेल्या अटीवर परत घेतले, तर तक्रार कशाची? माणसाचा जीव गेला नाही, घरदार गेले नाही, तो तुरुंगात पडला नाही. मला हे पटत नाही. पद एका माणसाचे दिसत असले तरी त्याच्यामागे मत देणारी शेकडो, हजारो माणसे असतात. ज्या वॉर्डाने त्याला निवडले त्या वॉर्डाचे तोंड बंद होते. शिवाय लहान गावात ‘अपात्र’ हा शब्द कागदावर थांबत नाही. बाजारात, सोयरिकीत आणि मुलांच्या शाळेतसुद्धा तो त्या माणसाच्या मागे मागे फिरतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर दिल्लीत मिळाले. तेथील सरकारने मार्च २०१५ मध्ये २१ आमदारांना संसदीय सचिव नेमले. हे लाभाचे पद होय, सबब ते आमदारकीस अनर्ह झाले, अशी तक्रार झाली. मध्यंतरी एकाने राजीनामा दिला, २० उरले. दिल्लीपुरता जो केंद्राचा कायदा आहे, त्यातही आयोगाच्या मताने राष्ट्रपतींनी निर्णय करावयाचा अशीच पद्धत आहे. आयोगाने १९ जानेवारी २०१८ रोजी मत दिले आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघून विसांचीही आमदारकी गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे उघड झाले ते असे. मूळ मुद्द्यावर आमदारांचे तोंडी म्हणणे आयोगाने ऐकलेच नव्हते. एक आयुक्त पूर्वी या प्रकरणातून स्वतः बाजूला झाले होते, ते आमदारांना न कळविता पुन्हा त्यात आले. दुसरे एक आयुक्त नव्याने रुजू झालेले होते, त्यांच्यासमोर सुनावणी झाली नसतानाही मताच्या कागदावर त्यांची सही होती. आमच्या शाळेत तोंडी परीक्षा एका मास्तराने घेतली आणि गुण दुसऱ्याने दिले, तर पालक आम्हांला उभे करीत. येथे तर परीक्षाच झाली नव्हती. २३ मार्च २०१८ रोजी उच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचा भंग झाला म्हणून ते मत रद्द ठरविले आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी आयोगाकडे परत पाठविले.

त्या वीस जणांचे वर्तन योग्य होते असे न्यायालयाने म्हटले नाही, आणि मीही म्हणत नाही. न्यायालय एवढेच म्हणाले की, नीट ऐका आणि मग ठरवा. हा भेद लक्षात न आल्यामुळे पुष्कळ सुशिक्षित माणसेसुद्धा ‘सुनावणी मागणारा म्हणजे दोषी माणसाचा कैवारी’ असे समजतात.

पक्षांतराच्या बाबतीत १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावी अनुसूची आली आणि निर्णयाचे काम सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिले गेले. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे काम करताना अध्यक्ष हे न्यायाधिकरण असतात, त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येतो. गोव्याच्या विधानसभेतील प्रकरणात १९९४ साली त्याच न्यायालयाने हेही सांगितले की, नैसर्गिक न्याय म्हणजे सर्वांना एकाच मापाचा अंगरखा नव्हे. वस्तुस्थिती संबंधिताने नाकारलेलीच नसेल, तर नोटिशीच्या दिवसांत थोडे कमी पडले एवढ्यावरून निर्णय मोडत नाही. हे शहाणपणाचे आहे. सुनावणी आणि सुनावणीचे अवडंबर यांत अंतर असते. आपल्या महाराष्ट्राला मात्र या अनुसूचीचा निराळाच अनुभव आला. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या अर्जांवर अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी लागला, आणि तोही मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय करा असे सांगितल्यानंतर. कोणाचे बरोबर होते या वादात मी शिरत नाही. या व्यासपीठावर दोन्हीकडची मंडळी बसलेली आहेत. परंतु पाच वर्षांच्या मुदतीतील दीड वर्ष ‘ऐकण्यात’ जाणे हीसुद्धा न ऐकण्याचीच एक तऱ्हा होय.

आता शिक्षा झालेल्या माणसाचे पाहू. दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली, तर दोषसिद्धीच्या दिवसापासून सभासदत्व जाते आणि सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणूक लढविता येत नाही. पूर्वी विद्यमान सभासदांना एक सवलत होती. तीन महिन्यांत अपील केले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची सुरक्षित. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत घटनाबाह्य ठरविली. तेव्हापासून खुर्ची तत्क्षणी जाते. येथे ‘आपोआप’ म्हणण्यास मला हरकत वाटत नाही, कारण सुनावणी झालेली असते. साक्षीपुरावा झाला, उलटतपासणी झाली, न्यायाधीशाने कारणे लिहून निकाल दिला. अनर्हता ही त्या निकालाची सावली आहे.

तथापि सावली मूळ वस्तूच्या पुढे धावू लागली की काय होते, याचे उदाहरण लक्षद्वीपने दिले. तेथील खासदारांना जानेवारी २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. दोन दिवसांत सभासदत्व गेल्याची अधिसूचना निघाली. आठवडाभरात पोटनिवडणूकही जाहीर झाली. आणि २५ जानेवारीस केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीच स्थगित केली! पोटनिवडणूक थांबवावी लागली, आणि सभासदत्व परत मिळण्यास मार्चअखेर उजाडली. दोषसिद्धीस स्थगिती मिळाली की अनर्हताही थांबते, हे न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवले होते.

याहून मोठा प्रश्न २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडल्या गेलेल्या १३० व्या घटनादुरुस्ती विधेयकाने उभा केला. पाच वर्षे किंवा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याच्या आरोपाखाली अटक होऊन सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्र्याचे पद एकतिसाव्या दिवशी जावे, अशी त्यातील योजना. ते संयुक्त समितीकडे पाठविले गेले. तुरुंगातून राज्यकारभार चालावा काय, हा विधेयकाच्या समर्थकांचा प्रश्न रास्त आहे. मलाही ते दृश्य शोभादायक वाटत नाही. परंतु तीस दिवसांत अपराधाविषयी कोणीच काही ठरविलेले नसते. जामिनाच्या वेळी न्यायाधीश विचारतो की हा पळून जाईल काय, साक्षीदारांना धमकावील काय. याने गुन्हा केला काय, याचा निकाल तो तेव्हा देत नाही. एका प्रश्नासाठी झालेली सुनावणी दुसऱ्या प्रश्नाच्या खात्यावर जमा करणे मला हिशेबात बसत नाही. सुटका झाल्यावर पुन्हा नेमणूक होऊ शकेल अशी सोय त्यात ठेवलेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

हाच वाद अमेरिकेत फार जुना आहे. यादवी युद्धानंतर १८६८ साली त्यांच्या घटनेत १४ वी दुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या कलमाने असे ठरविले की, ज्याने पूर्वी घटनेशी निष्ठेची शपथ घेतली आणि नंतर बंडात भाग घेतला, त्याने पुन्हा सरकारी पद धारण करू नये, मात्र काँग्रेसला दोनतृतीयांश मतांनी ही बंदी उठविता येईल. ‘बंडात भाग घेतला’ हे ठरवावे कोणी, याविषयी कलम मूक आहे. दुसऱ्याच वर्षी व्हर्जिनियात सीझर ग्रिफिन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने अर्ज केला की, मला शिक्षा देणारा न्यायाधीश हा बंडखोरांच्या विधिमंडळात बसलेला होता, तो पदास अनर्ह, सबब माझी शिक्षा रद्द. सरन्यायाधीश चेस यांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या मते चौकशी, पुरावा आणि निर्णय यांची रीत काँग्रेसने कायद्याने घालून दिल्यावाचून ते कलम नुसते आपल्या बळावर कोणाला पदच्युत करू शकत नव्हते. निकालाच्या पोटी व्यवहारही होता. नाही तर दक्षिणेतील शेकडो न्यायाधीशांचे सारे निवाडे एका रात्रीत कोसळले असते. मात्र त्यात ग्रिफिनची शिक्षा कायम राहिली, हेही विसरता येत नाही.

दीडशे वर्षांनी ते कलम पुन्हा जागे झाले. ६ जानेवारी २०२१ च्या वॉशिंग्टनमधील दंग्यावरून कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी अर्ज केला की, डोनाल्ड ट्रम्प या कलमाखाली अनर्ह आहेत. डेन्व्हरच्या न्यायालयात पाच दिवस साक्षीपुरावा झाला. १९ डिसेंबर २०२३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यांना अनर्ह ठरविले. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एका न्यायाधीशांचा रोख नेमका आपल्या विषयावर होता. निवडणुकीच्या अर्जांसाठी केलेल्या घाईच्या पद्धतीत, पुरेसा पूर्वतपास आणि फौजदारी दोषसिद्धी नसताना, एवढा मोठा अधिकार काढून घेणे हे योग्य प्रक्रियेस धरून नाही असे ते म्हणाले. ४ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊही न्यायाधीशांनी कोलोरॅडोचा निकाल फिरविला. कारण मात्र निराळे दिले. राष्ट्रीय पदाच्या बाबतीत हे कलम वापरण्याचा अधिकार एकेका राज्यास नाही, असे ते म्हणाले. पाच जणांनी पुढे जाऊन काँग्रेसचा कायदा लागेल असेही म्हटले. पाच दिवसांची चौकशी पुरेशी होती की नव्हती, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडविला नाही, तो तसाच ठेवला. एवढ्या मोठ्या लोकशाहीने हा प्रश्न दीड शतक अनिर्णीत ठेवावा याचे मला नवल वाटते. आपल्या अनुच्छेद १०३ चे महत्त्व तेथे कळते. आपल्याकडे निदान ‘ठरवील कोण’ एवढे तरी घटनेने लिहून ठेवले आहे.

बंधुभगिनींनो, दिल्ली आणि वॉशिंग्टन फार झाले. आपला संबंध ग्रामपंचायतीशी.

७३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-च आले. पंचायतीचा सभासद अनर्ह झाला काय हा प्रश्न राज्याच्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाईल, असे ते सांगते. महाराष्ट्रात तो अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. आमच्या ग्रामपंचायत कायद्याच्या सोळाव्या कलमात शब्द स्वच्छ आहेत. सभासदास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून त्याच्याविरुद्ध आदेश करावयाचा नाही. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय घडू शकते ते जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाच्या प्रकरणात दिसले. ही बाई सरकारी जागेवरील घरात सासूबरोबर राहते, असा गावकऱ्यांचा अर्ज. मी वेगळी, भाड्याच्या घरात राहते, असे तिचे उत्तर. जिल्हाधिकाऱ्यांनी अनर्ह ठरविले, विभागीय आयुक्तांनी ते कायम केले, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले, आणि महिला सरपंच झाली ही गोष्टच गावाला पचली नाही असे दिसते, अशा अर्थाचे ताशेरे ओढले. एवढ्या पायऱ्या चढूनही खालच्या कोणत्याच पायरीवर वस्तुस्थितीचा नीट शोध घेतला गेला नव्हता. नोटीस काढणे आणि ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कितीजणींना दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरच्या सुनेकडे पाहून करावा.

आता माझ्या व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो. राखीव जागेवर निवडून येणाऱ्यास जातवैधता प्रमाणपत्र लागते. उमेदवारी अर्जाबरोबर ते नसेल, तर निवडून आल्यापासून सहा महिन्यांत आणून देईन असे हमीपत्र द्यावयाचे, आणि त्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही मुदत अनिवार्य असल्याचे सांगितले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मत उचलून धरले. त्यामुळे एकाच तडाख्यात राज्यभरातील इतक्या सभासदांची पदे धोक्यात आली की मुदत वाढविण्यासाठी सरकारला धावपळ करून कायद्यात बदल करावे लागले.

विसंगती कोठे आहे ती पाहा. तुमची जात खरी की खोटी हे ठरविताना कायदा अत्यंत काळजी घेतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सारी रीत घालून दिली. दक्षता पथकाने गावी जाऊन चौकशी करावी. अहवाल विरुद्ध गेला तर त्याची प्रत अर्जदारास द्यावी, कारणे दाखविण्यास सांगावे, म्हणणे ऐकावे. पुढे २००० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने पडताळणी समित्यांना तो पाया मिळाला. पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला, तो असो. म्हणजे ज्याच्यावर खोट्या दाखल्याचा संशय आहे, त्याला अहवालाची प्रत मिळते, नोटीस मिळते, सुनावणी मिळते. आणि ज्याचा दाखला खरा आहे, पण ज्याची फाईल समितीच्या कपाटात सात महिने पडून राहिली, त्याला काय मिळते? त्याला काहीच मिळत नाही. दिनदर्शिकेचे पान उलटते आणि त्याचे पद जाते. विलंब त्याचा की समितीचा, हा साधा प्रश्नसुद्धा त्याला कोणी विचारीत नाही.

मुदतच नको असे मी म्हणत नाही. मुदत आली ती उगाच नव्हे. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा बळकावून, ‘प्रकरण चालू आहे’ म्हणत पाच वर्षे खुर्ची उबविणारे लोक आपण पाहिलेले आहेत, आणि त्यांनी ज्याची जागा खाल्ली तो आपल्यापैकीच एखादा होता. मुदत काढून टाकली तर सर्वांत आधी आनंद त्यांनाच होईल. माझे म्हणणे एवढेच की, मुदत संपली की जिल्हाधिकाऱ्याने एक नोटीस काढावी आणि एकच गोष्ट तपासावी. अर्जदाराने कागद वेळेवर दिले होते काय? दिले नसतील तर पद जाऊ द्यावे. दिले असतील तर समितीला कारण विचारून ठराविक दिवसांत निर्णय करावयास लावावा. यास पंधरा दिवसांहून अधिक लागू नयेत. एकाच्या ढिलाईचा दंड दुसऱ्याच्या पाठीवर पडू नये, एवढी ही मागणी आहे.

याबाबतीत शाळामास्तराच्या धंद्याचा एक भाग तुम्हांला सांगितला पाहिजे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानतात, आणि तो बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतो. ते रजिस्टर मी वर्षानुवर्षे हाताळले आहे. त्यातील जातीचा रकाना कसा भरला जाई? बाप किंवा चुलता पोराला घेऊन येई, मास्तर विचारी, तो सांगेल ते मास्तर लिही. कोणी जातीऐवजी धंद्याचे नाव सांगे, कोणी पोटजात सांगे, कोणी मोठेपणासाठी दुसरेच काही सांगे. एकाच घरातील दोन भावांच्या नोंदी दोन मास्तरांच्या हातून दोन प्रकारच्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. शाई उडालेली, वाळवीने पान खाल्लेले, हे निराळेच. अशा नोंदीवर साठ वर्षांनी नातवाचे सरपंचपद अवलंबून असेल, तर ती नोंद समजावून सांगण्यास माणूस उभा राहिला पाहिजे आणि समोर ऐकणारा बसलेला पाहिजे. रजिस्टरला बोलता येत नाही.

शेवटी आपल्या घरातले बोलतो. जातिसंस्थेने माणसाला न ऐकता बाहेर काढण्याचा इतिहास मोठा आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. वाळीत टाकणे म्हणजे तरी काय? पाणी, विस्तव, सोयरीक, स्मशान या सर्वांस तो मनुष्य ‘अनर्ह’ ठरविणेच ते. तरीसुद्धा जुन्या काळीही रीत अगदीच नव्हती असे नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमधील चहावरून रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य झाले, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, त्यांनी शास्त्र्यांचे चौकशीमंडळ पुण्यास पाठविले आणि टिळकांनी तेथे आपली बाजू शास्त्राधाराने लढविली. ज्या गावच्या पंचांसमोर कोणी टिळक नव्हता, तेथे काय होत असे ते वृद्ध मंडळींस ठाऊक आहे. मुंबई सरकारचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली नवा कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे आज वाळीत टाकणे कायद्याने मना आहे. परंतु सवय ठरावांच्या भाषेत शिल्लक राहते.

हे मी सहज बोललो नाही. आपल्या मंडळाच्या घटनादुरुस्तीचा जो मसुदा येत्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे, त्यात एक वाक्य असे आहे की, ज्या पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार दाखल होईल त्याचे पद ‘आपोआप संपुष्टात आले असे समजण्यात येईल’. हेतू चांगला आहे, मंडळाच्या पैशास डाग लागू नये हा. पण तक्रार कोणीही दाखल करू शकतो. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात तर हमखास करील. म्हणून मी लेखी दुरुस्ती दिली आहे. तक्रारीची प्रत संबंधितास द्यावी. उत्तरास पंधरा दिवस असावेत. तीन सभासदांनी ऐकावे, त्यांत तक्रारदार किंवा त्याचा आप्त नसावा. निर्णय कारणांसह इतिवृत्तात लिहावा आणि एकंदर काम पंचेचाळीस दिवसांत संपवावे. चौकशी चालू असेतो त्या पदाधिकाऱ्याने धनादेशांवर सह्या करू नयेत, म्हणजे पैशाची काळजीही राहणार नाही.

दुसरी सूचना अशी की, पुढील ग्रामपंचायत निवडणुकांस जे उभे राहू इच्छितात, त्यांनी वैधतेचा अर्ज उमेदवारीच्या दिवसाची वाट न पाहता आताच करावा. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदवहीचे उतारे, जुने सातबारे आणि खरेदीखते यांची जुळवाजुळव करून देण्यासाठी आम्ही चार निवृत्त शिक्षक रविवारी सकाळी नऊ ते बारा मंडळाच्या कार्यालयात बसणार आहोत. येताना मूळ कागद आणावेत. नुसत्या छायाप्रतींवर जुने अक्षर लागत नाही. घटनादुरुस्तीच्या मसुद्याच्या प्रती चिटणिसांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, त्या जाताना घेऊन जाव्यात.